मदत हवी आहे: फुटबॉलमध्ये विंगबॅकच्या (कडेने हल्ल्यालाही जाणाऱ्या, बचावालाही येणाऱ्या खेळाडूच्या) मागची जागा कोणी भरायची?

मंडळी, जरा मदत करा. आम्ही मालवणचे, किनाऱ्यावर अनवाणी खेळणारे. आमच्यातल्या एकाने मँचेस्टर युनायटेडमध्ये तेव्हाचा कोच अमोरिम याचं ३-४-३ (मागे तीन, मध्ये चार, पुढे तीन) बघून तेच आमच्या टीमला लावलंय. (२०२४-२५ ला युनायटेडवाले लीगमध्ये १५ वे आले हे काढलं की रुसतो. अमोरिमच्याच आधीच्या क्लबने, पोर्तुगालच्या स्पोर्टिंगने, २०२१ ला याच फॉर्मेशनवर लीग मारली म्हणतो, तेही खरंच!) आमचा विंगबॅक वर गेला की भुसभुशीत वाळूतून मागे येईस्तोवर त्याची जीभ बाहेर. परवा त्याच बाजूने तीन गोल खाल्ले. तिथे सेंटरबॅकने (मधल्या बचावपटूने) सरकायचं की मिडफिल्डरने? नवा विंगबॅक आणा म्हणू नका, एक पोरगा आहे, पण मासेमारी सुरू झाली की तो बोटीवर.