मदत हवी आहे: चेनसॉ (लाकूड कापायची पेट्रोलची मशीन) वाकडी कापते अन् गरम झाली का बंद पडते, बाभूळ अर्धीच कापून पडली आहे

धुऱ्यावरचा

राम राम मंडळी. काटोल तालुक्यात शेती आहे, मी नोकरीमुळे नागपूरले राहतो, सुट्टीच्या दिवशी गावाकडे. आमची जुनी संत्र्याची बाग काढून राहिलो, डिंक्यानं झाडं शेंड्यापासून वाळत आली होती, फळ यायचं तेही लहान, मग जेसीबी लावून झाडं उपटून घेतली. आता खोडं अन् खुंट बांधावर ढिगानं पडून आहेत. शिवाय मागच्या वादळात धुऱ्यावरची मोठी बाभूळ आडवी झाली, तिचं टोक शेजाऱ्याच्या तुरीत अन् बुंधा आमच्याकडे. सगळं सरपणाले वापरायचं आहे. गॅस आहे घरी पण आई म्हणते का भाकर चुलीवरची अन् आंघोळीचं पाणी चुलीवरचं, सिलिंडर फक्त चहाले अन् पाहुण्यांले. त्यामुळं लाकूड वाया जाऊ देत नाई ती.

मशीन भाऊकीत मिळून घेतलेली आहे, ५८ सीसी, २२ इंची बार (ज्या लांब पट्टीवर चेन फिरते ती), फार नावाजलेल्या कंपनीची नाई. प्रॉब्लेम दोन:

एक, सुरुवातीले सरळ जाते पण मोठ्या खोडात अर्ध्यात गेली का कट उजवीकडे वाकतो, मग बार अडकते, कितीही दाबलं तरी खाली जात नाई. भुसा पिठासारखा बारीक पडतो अन् धूर निघतो, जळका वास येतो.

दोन, थंड असली का दोन-तीन झटक्यात सुरू होते, पंधरा-वीस मिनिटं चालते, मग आपोआप दम सोडते अन् बंद. मग कितीही दोरी ओढा, नाई. अर्धा तास सावलीत ठेवली का परत सुरू.

तालुक्याच्या एका दुकानात दाखवली, त्यानं न उघडताच पिस्टन-सिलिंडर किट बदलायले लागेल म्हटलं अन् जो आकडा सांगितला त्यात थोडे टाकले तर नवी येईल. मले ते पटून नाई राहिलं, काऊन का थंड असताना तर एकदम दमदार चालते. दुरुस्तीत पडू का नवी घेऊ? अन् बाभूळ अशी अर्धी कापलेली किती दिवस ठेवू, खालून पोरं जातात येतात.

लोहाओळी

भाऊ, पिस्टन गेला असता तर थंड असतानाही दम नसता राहिला. दोरी ओढताना कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधल्या दाबाचा जोर, जाणवते का ते पाह्य, मशीन दोरीनं लटकवली अन् ती हळूहळू खाली आली, सर्रकन नाई, तर किट बदलायची घाई नको. तुमचे दोन आजार वेगवेगळे आहेत, एकात एक करू नका.

वाकडा कट म्हणजे चेन. एका बाजूचे दात बोथट अन् दुसऱ्या बाजूचे धारदार असले का कट धारदार बाजूकडे ओढला जातो. तुमचा उजवीकडे जाऊन राहिला म्हणजे डाव्या बाजूचे दात पाहा, बहुतेक टोकं गोल झालेली दिसतील. बुंध्याले जुनी तार नाईतर खिळा होता का? आपल्याकडं धुऱ्यावरच्या बाभळीलेच काटेरी तार ठोकतात, झाड वाढून तार पोटात घेते, बाहेरून दिसत नाई.

धुऱ्यावरचा

कॉम्प्रेशन चांगलं लागते, लटकवून पाह्यली, बऱ्याच वेळानं खाली आली. तारेचं आठवलं, त्या बाजूनं कधीकाळी कुंपण होतं खरं, आजोबांच्या वेळचं. दात पाहतो. भुसा बारीक पडणं हे पण चेनचंच लक्षण का?

सुतारपक्षी

हो. धारदार चेन चपट्या सालपटासारखे तुकडे टाकते, बोथट चेन नुसती घासते. मशीन दाबून कापायची वेळ आली तर समजायचं धार गेली, चांगली चेन स्वतःच्या वजनानं उतरते. त्यात तुमचं संत्र्याचं लाकूड, कडक असते ते, अन् खुंटाला काळी माती चिकटलेली. माती म्हणजे चेनचा काळ. जेसीबीनं उपटलेल्या खुंटाची साल आधी सब्बलनं खरवडून घ्या, नाईतर धार लावली अन् पहिल्याच कटात गेली असं होईल. जमिनीला टेकलेलं लाकूड खालपर्यंत कापू नका, थोडं ठेवून लाकूड फिरवा अन् वरून पुरं करा.

फाईल कोणती लावता ते सांगा. ५८ सीसीच्या मशीनवर साधारण ०.३२५ इंच पिचची (पिच म्हणजे कड्यांमधल्या अंतराचं माप) चेन असते, तिला ४.८ मिमीची गोल फाईल. चेनच्या कड्यांवर अन् बारवर बुडाशी आकडे कोरलेले असतात, ते वाचून घ्या, अंदाजानं नको. आमच्याकडं एक जण त्रिकोणी फाईल फिरवत होता, त्यानं दात पार वाकडे करून ठेवले होते.

प्रत्येक दाताला तीस अंशाच्या तिरक्यात आतून बाहेर, फाईल परत आणताना उचलायची, घासत आणायची नाही. सगळ्यात लहान झालेला दात शोधा अन् बाकीचे त्याच्याएवढे करा. अन् दातासमोरचं जे बुटकं टोक असते, ज्याला डेप्थ गेज म्हणतात, ते पण चपट्या फाईलनं थोडं थोडं उतरवावं लागते, दाताच्या टोकापेक्षा ०.६५ मिमी खाली. ते फार उतरवलं का मशीन उड्या मारते, म्हणून गेजची पट्टी घ्या, स्वस्त असते.

उमरेडकडचा

बारही पाहा फक्त चेनच नाई. चेन काढून बार सपाट फरशीवर उभी धरा, एका बाजूला कलंडली तर कडा झिजल्या. धार लावताना दरवेळी बार उलटी करून बसवायची म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात, आपल्या गावात कोणीच करत नाई हे.

अन् तेल येते का? मशीन सुरू करून बारचं टोक पांढऱ्या पुठ्ठ्यासमोर धरा, पुठ्ठ्याला टेकवू नका, ॲक्सिलेटर अर्धा दाबा, पुठ्ठ्यावर तेलाची बारीक रेघ उमटली पाह्यजे. नाई उमटली तर बारच्या बुडाशी तेलाचं जे छिद्र असते ते भुशानं बुजलेलं असेल, तारेनं साफ करा. जळका वास त्याचाही असू शकते.

एक सांगतो, गाडीचं काढलेलं जळकं तेल बारला टाकू नका. त्यात लोखंडाचा चुरा असतो, पंप खातो, अन् ते तुमच्या हातावर अन् कपड्यावर उडत असते दिवसभर. मिळालं तर बारचंच तेल, नाईतर ताजं २०डब्ल्यू-४० इंजिन ऑइल.

लोहाओळी

दुसऱ्या आजाराकडे येऊ. गरम झाल्यावर बंद पडते त्याचं पहिलं तपासायचं म्हणजे पेट्रोलच्या टाकीचं झाकण. टाकीला हवा आत यायला बारीक व्हेंट असते, ती बुजली का पेट्रोल खेचल्यावर टाकीत पोकळी तयार होते, कार्बोरेटरला पेट्रोल येत नाई. बंद पडल्याबरोबर झाकण सैल करा, फुस्स आवाज आला अन् नंतर सुरू झाली तर व्हेंट. सावकाश, चेहरा लांब ठेवून, गरम पेट्रोल उडते.

तसं नसलं तर बंद पडल्या पडल्या प्लग काढून पाहा, ओला आहे का कोरडा. कोरडा असला तर पेट्रोल येत नाई, टाकीतला फिल्टर पाहा. ओला असला अन् ठिणगी नाई तर ठिणगी देणारी कॉइल गरम झाल्यावर मरून राहिली, कॉइल बदलणे, ते किटपेक्षा बरंच स्वस्त पडते. ठिणगी पाहताना सांडलेलं पेट्रोल पुसून घ्या, मशीन डब्यापासून दूर. वरचं कव्हर काढून सिलिंडरच्या थंड ठेवणाऱ्या पंखांमध्ये भुसा भरला का तेही पाहा, उन्हाळ्यात आपल्याकडे ४५ जाते, त्यात पंख बुजले तर इंजिन काय करील.

नागपूरले इतवारीत लोहाओळी बाजारात येऊन विचारलं तर चेन, प्लग, फिल्टर मिळतील, जुना नग सोबत आणा.

धुऱ्यावरचा

झाकण अजून नाई पाह्यलं. पेट्रोलात तेल आम्ही अंदाजानंच टाकतो, दोन झाकणं लिटरले. ते चालते का?

सुतारपक्षी

अंदाज बंद करा राजेहो, दोन झाकणं कोणत्या बाटलीची हेच ठरलेलं नसते. मॅन्युअलमध्ये ५०:१ असेल तर लिटरला २० मिली, ४०:१ असेल तर २५ मिली, २५:१ असेल तर ४० मिली. बिननावाच्या मशीनीला बरेचदा २५:१ सांगतात, तुमच्या पुस्तकात जे आहे तेच धरा. औषधाच्या दुकानात मापाची सिरिंज मिळते. टू-टीच (टू-स्ट्रोक इंजिनाचं) तेल, गाडीचं फोर-टी (फोर-स्ट्रोकचं) नको.

अन् मिसळलेलं पेट्रोल महिनाभरापेक्षा जास्त ठेवू नका. आता पंपावर इथेनॉल मिसळलेलं येते, ई-२०, इथेनॉल हवेतलं पाणी ओढते, पावसाळ्यात तर जास्तच, अन् कार्बोरेटरचा रबरी पडदा कडक पडतो. दिवाळीनंतर काम नसलं तर टाकी रिकामी करून इंजिन बंद पडेपर्यंत चालवा. मशीन मध्येच बंद पडते म्हणून कोणी सांगेल एच स्क्रू (कार्बोरेटरवरचा पेट्रोल कमी-जास्त करायचा स्क्रू) फिरव, त्याला हात लावू नका, पेट्रोल कमी केलं का खरोखर पिस्टन जाईल अन् दुकानदाराचं म्हणणं खरं होईल.

जंगलवाट

मशीनचं चाललंच आहे, मी बाभळीचं बोलतो कारण मला तीच जास्त धोक्याची वाटते. आडवं पडलेलं झाड आपल्या वजनावर नाही, फांद्यांवर टेकलेलं असते, त्यात ताण असतो. ज्या बाजूनं लाकूड दबलं जातं ती बाजू आधी तिसऱ्या हिश्श्यापर्यंत कापायची, मग ताणल्या गेलेल्या बाजूनं पुरं करायचं. मधोमध आधार नसेल तर वरची बाजू दबलेली, खालची ताणलेली. आधी ताणलेली बाजू कापली का लाकूड फटकन चिरते नाहीतर उसळून अंगावर येते. कटात लाकडी पाचर ठोकून ठेवली का बार अडकत नाही, लोखंडी पाचर नको, चेन लागली तर गेली. अर्धी कापली आहे तर पोरांना लांब ठेवा, दोरी बांधून काटे टाका चारही बाजूंनी.

अन् दुपट्टा. उन्हात सगळे डोक्याला बांधतात, एक टोक छातीवर लोंबते. चेनसॉ चालवताना ते टोक शर्टात खोचा नाहीतर काढून ठेवा, त्याऐवजी टोपी घाला. बारच्या टोकाचा वरचा कोपरा लाकडाला कधीच लावू नका, मशीन तोंडाकडे उलटते. दोन्ही हात मशीनवर, डाव्या हाताचा अंगठा खाली वळवून, खांद्याच्या वर कापायचं नाही. शिडीवर चढून तर नाहीच.

उमरेडकडचा

परवानगीचं पण बघून घ्या भाऊ. बाभूळ अन् संत्रा १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत नाई, पण साग, मोह, आंबा, चिंच, जांभूळ, हिरडा, ऐन ही आहेत, त्यांना स्वतःच्या शेतातली असली तरी परवानगी लागते. म्हणजे धुऱ्यावर मोह असेल अन् कोणी म्हणेल मशीन आहेच तर तोही घेऊन टाका, तर थांबा. सरपण ट्रॉलीत भरून विकायला बाहेर न्यायचं असेल तर आधी वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारा.

धुऱ्यावरचा

मोह आहे अन् चुलतभाऊ तेच म्हणून राहिला होता. बरं झालं विचारलं.

अपडेट: डाव्या बाजूचे चार-पाच दात खरंच चिरलेले निघाले, बुंध्याच्या कटात पाह्यलं तर काळा डाग अन् आत गंजलेली तार. बार फरशीवर उभी राह्यली, कलंडली नाई. नवीन चेन घेतली, जुनी घरी धार लावायची शिकायले ठेवली. दुसरा प्रॉब्लेम झाकणाचाच निघाला, बंद पडल्यावर सैल केलं तर फुस्स झालं अन् दुसऱ्याच झटक्यात सुरू. व्हेंट पेट्रोलनं धुतली, सध्या चालून राहिली. किटचे पैसे वाचले.

आता शेवटचं, संत्र्याचे खुंट ओले फोडू का वाळल्यावर? कुऱ्हाड उसळून राहिली.

सुतारपक्षी

ओलेच फोडा. वाळले का दगड होतात, मग घण अन् पाचर लागेल. बुडाशी जंबेरीचा (ज्या लिंबाच्या खुंटावर संत्रा बांधतात त्याचा) कलम जोड असतो तिथं रेषा गुंतलेल्या असतात, तो भाग फोडत बसू नका, मशीननं चकत्या करा अन् कडेनं ढलप्या काढा, मधे मारू नका. रचताना खाली दगड ठेवा, जमिनीवर टेकवलं का उधई लागते. ऊन चांगलं असलं तर उन्हाळ्यात दोन-तीन महिन्यांत चुलीजोगं होईल, पावसाच्या आधी पत्रा टाका पण बाजू मोकळ्या ठेवा, चारही बाजूंनी प्लास्टिक गुंडाळलं का आतच कुजते.

लोहाओळी

अन् जुन्या चेनचे चिरलेले दात पूर्ण जाईपर्यंत फाईल करावी लागेल, बाकीचे दातही तेवढेच छोटे होतील. दात ४ मिमीच्या खाली गेले तर ती ठेवू नका. घरच्या वाळक्या काड्यांना वापरा हवं तर, बाभळीला नको.