योहानाचा ‘पाराक्लेतोस’: कैवारी, वकील की सांत्वन करणारा?

काठावरचा
मराठी बायबलात योहानाच्या शुभवर्तमानात, म्हणजे त्याने सांगितलेल्या येशूच्या चरित्रात (14:16, म्हणजे अध्याय 14, वचन 16), येशू शिष्यांना सांगतो, पिता तुम्हाला ‘दुसरा कैवारी’ देईल. हा कैवारी म्हणजे पवित्र आत्मा. मूळ ग्रीक शब्द पाराक्लेतोस, म्हणजे ‘जवळ बोलावलेला’. नव्या करारात (बायबलच्या दुसऱ्या भागात) तो पाचच वेळा येतो: चारदा इथे, एकदा योहानाच्या पहिल्या पत्रात. किंग जेम्स या इंग्रजी बायबलने (1611) शुभवर्तमानात ‘कम्फर्टर’ (सांत्वन करणारा) केलं, त्याआधी धर्मसुधारक लूथरने जर्मनमध्येही सांत्वन करणाराच केला. माझ्या मते इथे मराठीने बाजी मारली. ज्या शिष्यांना उद्या ज्यूंच्या सभास्थानातून हाकलणार आहेत (16:2), त्यांना पाठीवरून हात फिरवणारा काय कामाचा? बाजू घेणारा हवा. पत्रात (2:1) येशू पित्यापुढे आपला पाराक्लेतोस आहे, आणि तिथे किंग जेम्सलाही ‘ॲडव्होकेट’ लिहावंच लागलं.

मोडीवाचक
पत्रातला अर्थ उचलून शुभवर्तमानाला चिकटवताय. 14:26 वाचा. हा आत्मा काय करणार? शिकवणार, येशूने सांगितलेल्याची आठवण करून देणार. यात कोर्ट कुठून आलं? ओरिजेन या ख्रिस्ती धर्मपंडिताने तिसऱ्या शतकातच हे दोन अर्थ वेगळे केले होते: शुभवर्तमानात सांत्वन करणारा, पत्रात मध्यस्थ. जुन्या करारातल्या दुःखी ईयोबाच्या पुस्तकाचं अक्विलाने ग्रीक भाषांतर केलं, त्यात तर (16:2) सांत्वनाला आलेल्या मित्रांनाच हा शब्द आहे.

काठावरचा
ईयोबाचे मित्र? अहो, ते सांत्वनाला आले आणि सगळा दोष त्याच्याच माथी मारून बसले. उदाहरण तरी बरं निवडा.

अर्धा वकील
तुम्हा दोघांच्याही डोक्यात आजचा काळा कोट आहे. अथेन्सच्या न्यायालयात पक्षकार स्वतःच बोलायचा, मित्र आणि वजनदार ओळखीचे लोक पाठीशी उभे राहायचे. इ.स.पू. 343 मध्ये प्रतिस्पर्धी एस्खिनीसविरुद्धच्या भाषणात अथेन्सचा वक्ता डेमोस्थेनिस सुरुवातीलाच ज्युरीला बजावतो की या पाराक्लेतोसांच्या विनवण्या खाजगी स्वार्थासाठी आहेत. थोडक्यात, वशिल्याची माणसं! ज्यू तत्त्वज्ञ फिलोच्या लिखाणात योसेफ त्याला विकणाऱ्या भावांना माफ करून म्हणतो, तुम्हाला आता दुसऱ्या पाराक्लेतोसची गरज नाही. तिथेही खटला नाहीच, रदबदली आहे. अभ्यासक केनेथ ग्रेस्टन यांनी 1981 मध्ये हेच मांडलं: वकील नव्हे, पाठीराखा.

काठावरचा
मग ‘कैवारी’ आणखीच चपखल! कैवार घ्यायला सनद कुठे लागते? दीनांचा कैवारी म्हटलं की कुणाच्या डोळ्यापुढे वकील येत नाही.

टाचणीवाला
शुभवर्तमानातलं 16:8 कुणीच कसं काढलं नाही? तिथे हाच आत्मा जगाचे दोष उघडे पाडणार आहे. हा बचाव आहे? हा तर सरळ फिर्यादी पक्ष! जाता जाता: हा शब्द हिब्रूतही गेला, ‘प्रक्लीत’ होऊन. मिश्नात (ज्यूंच्या जुन्या धर्मनियमांच्या संग्रहात) म्हटलंय, एक आज्ञा पाळली की एक प्रक्लीत मिळतो, एक पाप केलं की एक फिर्यादी. आणि आजच्या इस्रायलमध्ये आरोपीविरुद्ध उभ्या राहणाऱ्या सरकारी वकिलाला प्रक्लीत म्हणतात. शब्दाने पक्षच बदलला.

मोडीवाचक
आजच्या हिब्रूवरून पहिल्या शतकाचा अर्थ काढू नका. पण 16:8 खरंच अडचणीचं आहे, आणि म्हणूनच मला ‘कैवारी’ नको. शिकवणारा, आठवण देणारा, दोष दाखवणारा, एवढं सगळं त्या एका शब्दात मावत नाही. व्हल्गेट या जुन्या लॅटिन बायबलने शुभवर्तमानात ‘पाराक्लितुस’ तसाच ठेवला आणि पत्रात ‘आद्वोकातुस’ (वकील) केला. शहाणपण ते.

काठावरचा
न समजणारा शब्द तसाच ठेवायचा, याला शहाणपण म्हणायचं तर भाषांतर करायचंच कशाला? आणि 16:8 माझ्याच बाजूचं आहे. जग शिष्यांना गुन्हेगार ठरवत होतं, आत्मा तो आरोप जगावरच उलटवतो. बचाव असाही होतो.

मोडीवाचक
बरं. 14:26 मधल्या शिकवणाऱ्याचं काय? त्यावर तुम्ही पहिल्यापासून गप्प आहात.