एलईडी हेडलाईटचा पुरवठादार ठरवायचा आहे: तीन कोटेशन हातात आहेत, तपासायचे काय?

कुर्ला_सुटेभाग

नमस्कार. कुर्ल्याला सीएसटी रोडवर आमचे गाड्यांच्या सुट्या भागांचे दुकान आहे. वडिलांच्या काळापासून हेडलाईट, इंडिकेटर आणि आरसे हाच मुख्य धंदा असून गिऱ्हाईक बहुतेक लहान मालवाहू टेम्पोवाले आहेत. गेल्या दोन वर्षांत हॅलोजनची मागणी बरीच उतरली आणि जो तो एलईडीच मागू लागला. म्हणून आमच्याच दुकानाचे नाव छापलेले एलईडी हेडलाईट, म्हणजे नुसता बल्ब नव्हे तर काच-रिफ्लेक्टरसकट अख्खा नग, अशा सुरुवातीला तीनशे जोड्या घ्याव्यात असा विचार आहे.

मागचा अनुभव मात्र वाईट आहे. गेल्या वर्षी एका व्यापाऱ्याकडून शंभर जोड्या घेतल्या होत्या. मे अखेरपर्यंत एकही तक्रार नव्हती. जून संपता संपता दुकानात रोज कुणी ना कुणी ओला दिवा घेऊन उभा राहू लागला. एका गिऱ्हाइकाने तर तो काउंटरवर उलटा धरून आतले पाणी माझ्या बिलबुकावर ओतून दाखवले. एकूण सत्तावीस जोड्या परत आल्या. व्यापाऱ्याचे म्हणणे असे पडले की वॉरंटी फक्त चिपवर (एलईडीच्या प्रकाश देणाऱ्या मूळ तुकड्यावर) आहे, पाण्यावर नाही.

आता तीन प्रस्ताव समोर आहेत. पहिला आयातदाराचा, त्याचा माल न्हावा शेवाला उतरतो, दर सर्वांत कमी आहे आणि खोक्यावर २०,००० ल्युमेन (प्रकाशाचे माप) व ५०,००० तास आयुष्य असे छापलेले आहे. दुसरा चाकणजवळच्या एका लहान कारखानदाराचा, दर साधारण दीडपट. तिसरा एका नामांकित ब्रँडच्या वितरकाचा, दर अडीचपटीच्या घरात, आणि तो आमचे नाव छापून देणार नाही. तिघांनीही प्रमाणपत्रांच्या पीडीएफ पाठवल्या आहेत, परंतु त्या वाचून मला फारसा बोध झालेला नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

दिव्याखाली

वाहनांचे दिवे बनवणाऱ्या एका कारखान्याच्या गुणवत्ता विभागात मी बावीस वर्षे काढली. आता डोंबिवलीत निवृत्त आयुष्य चालले आहे. आपण अख्खा नग घेण्याचे ठरवले हे फार बरे केले. हॅलोजनसाठी बनवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब बसवला की प्रकाश जिथून निघायला हवा ती जागा बदलते आणि झोत विस्कटतो. जर्मनीसारख्या देशातसुद्धा २०२० साली असा बदली बल्ब प्रथम मान्य झाला तो ठरावीक गाड्यांच्या यादीपुरताच.

प्रथम खोक्यावरच्या आकड्यांचा निकाल लावू. साध्या एच-४ हॅलोजन बल्बचा डिपरचा (खालच्या झोताचा) प्रकाश प्रमाणानुसार सुमारे १,००० ल्युमेन आणि अप्परचा (लांबच्या झोताचा) सुमारे १,६५० ल्युमेन असतो. एलईडीकडून वॅटमागे शंभर ल्युमेन मिळतात असे धरले तर २०,००० ल्युमेनसाठी २०० वॅट लागतील, म्हणजे चालू गाडीत जवळजवळ पंधरा अँपिअर. आयातदाराच्या नमुन्याला मल्टीमीटर लावून तो किती अँपिअर घेतो ते पाहावे. आयुष्याच्या तासांचेही तसेच. चिपच्या ज्या चाचणीला एलएम-८० म्हणतात ती किमान ६,००० तास चालवतात आणि तेवढ्या चाचणीवरून पुढचा अंदाज जास्तीत जास्त सहापट, म्हणजे ३६,००० तासांपर्यंतच बांधता येतो. शिवाय ती चाचणी एकट्या चिपची असते. तिच्यामागची उष्णता वाहून नेणारी पट्टी, ड्रायव्हर (चिपला ठरावीक वीज पुरवणारे सर्किट) आणि सील यांच्याबद्दल ती काहीच सांगत नाही. रोज चार तास दिवा जळाला तर ५०,००० तास म्हणजे चौतीस वर्षे होतात. तोवर टेम्पोही भंगारात गेलेला असेल.

आता प्रमाणपत्रांकडे वळतो, कारण खरी मेख तिथेच असते. दिव्याच्या काचेवर वर्तुळातले ‘ई’ आणि शेजारी आकडा असेल, तर तो आकडा मान्यता देणाऱ्या देशाचा असतो (१ म्हणजे जर्मनी, ४ म्हणजे नेदरलँड्स, ११ म्हणजे ब्रिटन), माल कुठे बनला याचा नव्हे. त्याहून महत्त्वाचा असतो तो, ज्या संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमाखाली मान्यता मिळाली, त्या नियमाचा क्रमांक. पुष्कळ स्वस्त मालावर ‘१०आर’ एवढेच असते आणि विक्रेता ते युरोपची मान्यता म्हणून दाखवतो. नियम १० हा विद्युतचुंबकीय व्यत्ययाचा आहे, म्हणजे दिवा लावल्यावर रेडिओ खरखरू नये एवढ्यापुरता. झोताशी त्याचा काडीचा संबंध नाही. हेडलाईटच्या झोतासाठी ११२ किंवा नवा १४९ हा नियम पाहावा लागतो.

तिसरी गोष्ट म्हणजे बाण. आपल्याकडे वाहतूक डावीकडून चालते, त्यामुळे डिपरचा झोत उजवीकडे सपाट कापलेला आणि डावीकडे, फुटपाथच्या बाजूला, वर चढलेला असावा लागतो. चीन, युरोपातले बहुतेक देश, अमेरिका येथे हे बरोबर उलटे असते. युरोपीय मान्यतेच्या दिव्याकडे तोंड करून उभे राहिल्यावर काचेवर उजवीकडे टोक असलेला आडवा बाण दिसला, तर तो डाव्या वाहतुकीचा; दोन्हीकडे टोके असतील तर दोन्हींसाठी; बाणच नसेल तर तो उजव्या वाहतुकीचा दिवा आहे आणि आपल्या रस्त्यावर तो समोरच्या ड्रायव्हरच्या थेट डोळ्यांत जाईल.

भारतात विकायच्या हेडलाईटची प्रकार मान्यता आणि त्यानंतर उत्पादनातले सातत्य तपासण्याची पद्धत एआयएस ०३७ या मानकात आहे. चाचण्या पुण्याच्या एआरएआय किंवा मानेसरच्या आयकॅटसारख्या संस्थांत होतात. चाकणवाल्याकडे अहवालाची प्रत मागा आणि तीत तोच भाग क्रमांक, तोच कारखान्याचा पत्ता आणि तीच चिप आहे ना, हे ओळीओळीने पाहा. आयएटीएफ १६९४९ चे, म्हणजे वाहन उद्योगातल्या गुणवत्ता व्यवस्थेचे, प्रमाणपत्र मिळते ते उत्पादन करणाऱ्या कारखान्याच्या जागेला. एखादा व्यापारी ते दाखवत असेल तर ते कुणा दुसऱ्याचे आहे एवढे नक्की. बिलावरचा पत्ता आणि प्रमाणपत्रावरचा पत्ता शेजारी ठेवले की उलगडा होतो.

आणि एक. सॅम्पल एक, माल दुसरा, हा या धंद्यातला जुना रोग आहे. मंजूर केलेल्या दोन नगांवर दोघांच्या सह्या करून एक तुमच्याकडे, एक त्याच्याकडे मोहोरबंद ठेवावा आणि चिप, ड्रायव्हर किंवा सील बदलायचे झाल्यास आधी लेखी कळवण्याची अट ऑर्डरमध्येच घालावी.

कळंबोली_मेस्त्री

दिव्याखाली साहेबांनी कागद समजावलेच आहेत. मी कळंबोलीला गाड्यांचे इलेक्ट्रिक काम करतो, त्यामुळे हाताने काय करून पाहता येईल तेवढे सांगतो. प्रत्येकाकडून एक नव्हे तर पाच नग मागवा आणि ते त्याने निवडून दिलेले नकोत. शक्य असेल तर गोडाऊनमधल्या बंद खोक्यातून तुम्ही स्वतः उचला.

संध्याकाळी सपाट जागेवर भिंतीपासून बरोबर दहा मीटरवर गाडी उभी करावी. दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखावी आणि तिच्याखाली दहा सेंटिमीटरवर दुसरी रेघ मारावी. डिपरची वरची कड त्या खालच्या रेघेवर आणता आली पाहिजे, कड स्वच्छ दिसली पाहिजे आणि चढ डावीकडेच असला पाहिजे. कड धुरकट असेल, किंवा सेटिंगचा स्क्रू फिरवूनही ती खाली बसत नसेल, तर पुढे काही बघू नये. नंतर लक्स मीटरने (भिंतीवर पडणारा प्रकाश मोजणारे यंत्र) एकदा मोजावे आणि दिवा अर्धा तास चालू ठेवून त्याच जागी पुन्हा मोजावे. साधा मीटर लॅमिंग्टन रोडला मिळतो. मोबाईलवरच्या अॅपवर विसंबू नये. स्वस्त माल तापला की त्याचा प्रकाश डोळ्यांना जाणवण्याइतका उतरतो.

पाण्याची चाचणी आमच्याकडे अशी होते: दिवा अर्धा तास जाळून चांगला तापला की बंद करून लगेच गार पाण्याच्या टपात बुडवायचा. आतली हवा एकदम आकसते आणि सीलमध्ये केसाएवढी फट असली तरी पाणी आत ओढले जाते. नुसता गार दिवा बुडवून ‘आयपी ६७’ (धूळ-पाणी आत न शिरण्याचा दर्जा) दाखवणारे पुष्कळ भेटतात. एक मीटर पाण्यात तीस मिनिटे हे त्या आकड्यातल्या ७ चे मोजमाप खरे, पण पावसात धावणारी गाडी आधी तापते आणि मग खड्ड्यातल्या पाण्यात जाते.

पाटी_कोरी

इतकी यातायात कशासाठी? वितरकाकडून ब्रँडचा माल घ्या आणि नफा थोडा कमी धरा. परत आलेल्या सत्तावीस जोड्यांचा हिशोब मांडला तर स्वस्त माल किती महाग पडला ते तुमचे तुम्हालाच दिसेल.

खातेवही

पाटी_कोरी यांचे म्हणणे अगदीच मोडीत काढण्यासारखे नाही, कारण प्रश्नातल्या एका वाक्याकडे कुणाचे लक्ष गेलेले दिसत नाही: ‘आमच्याच दुकानाचे नाव छापलेले’. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील व्याख्येप्रमाणे दुसऱ्याने बनवलेल्या वस्तूवर जो स्वतःची खूण लावतो तोही उत्पादक ठरतो. म्हणजे उद्या सदोष दिव्यामुळे कुणाला इजा झाली तर ‘मी फक्त विकले’ हा बचाव आपल्याला उरणार नाही. नाव छापण्यातला नफा मोजताना ही जबाबदारीही मोजावी आणि माल बनवून देणारा पुरवठादार कागदावर ती किती उचलतो हे पाहावे. आयातदार उद्या फोन उचलेनासा झाला तर परदेशातल्या कारखान्याच्या मागे आपण धावणार कसे?

दुसरा मुद्दा पैशांचा. पावसाळा संपेपर्यंत दहा टक्के रक्कम अडकवून ठेवावी असा मोह होणे साहजिक आहे. परंतु चाकणचा कारखाना सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल, तर २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्याने लेखी करार असला तरी ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाल्यास त्या खर्चाची वजावट त्या वर्षीच्या प्राप्तिकरात मिळण्यालाही अडचण येते. आपल्या सीएशी बोलून घ्यावे. माझ्या मते त्यापेक्षा सोपा मार्ग असा, की पैसे वेळेवर द्यावेत, पण तीनशे जोड्यांची ऑर्डर तीन हप्त्यांत फोडावी आणि बदली देण्यासाठी पहिल्याच हप्त्याबरोबर दहा-पंधरा नग जादा मागून घ्यावेत.

वॉरंटीच्या मजकुरात ‘आत पाणी शिरणे’ हे शब्द स्पष्ट हवेत. बॅच क्रमांक व महिना खोक्यावर नको, दिव्याच्या अंगावर कोरलेला हवा. खोके पहिल्याच दिवशी कचऱ्यात जाते आणि मग माल कुणाचा, यावरच वाद चालतो.

कुर्ला_सुटेभाग

सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे पंधरा दिवस खटपट केली. कुर्ल्यात दहा मीटर मोकळी भिंत मिळणे किती कठीण आहे ते या निमित्ताने कळले. शेवटी एका ओळखीच्या गोडाऊनमध्ये रात्री साडेदहानंतर गाडी लावायला मिळाली.

आयातदाराच्या नगाने २.१ अँपिअर घेतले, म्हणजे जेमतेम अठ्ठावीस वॅट. काचेवर बाण नव्हता आणि भिंतीवर चढ उजवीकडे निघाला. त्याला विचारल्यावर तो म्हणाला, ‘स्क्रूने खाली करून घ्या, सगळे तसेच करतात.’ तो विषय तिथेच संपला. वितरकाचे पाचही नग सर्व कसोट्यांत उतरले. चाकणवाल्याचा झोत उत्तम आहे, अहवालावरचा भाग क्रमांक आणि पत्ता जुळतो, आणि सह्या केलेले सॅम्पल ठेवण्यास त्याने लगेच होकार दिला. अर्ध्या तासानंतर लक्स थोडे उतरले, पण ते वितरकाच्या मालाइतकेच.

अडचण एकच आहे. टपातून काढल्यावर चाकणच्या पाचपैकी दोन नगांच्या काचेला आतून धुके आले. पाणी साचलेले दिसले नाही आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते निघून गेले. याला दोष समजावे का? वितरकाच्या एका नगातही कोपऱ्यात थोडे धुके होते, पण ते तासाभरात गेले.

दिव्याखाली

हा प्रश्न विचारलात हे उत्तम, कारण धुके आणि पाणी यांत गल्लत करून चांगला पुरवठादार नाकारला जातो आणि वाईट पुरवठादार ‘हे नैसर्गिक आहे’ म्हणून सुटतो. हॅलोजनची उष्णता प्रकाशाबरोबर पुढे काचेवर पडते आणि काच कोरडी राहते. एलईडीची उष्णता मागे धातूच्या पट्टीतून निघते, त्यामुळे काच गार राहते आणि मुंबईच्या जुलैत आतल्या दमट हवेचे थोडे धुके तिच्यावर धरणे अपेक्षितच असते. म्हणून चांगल्या दिव्याला मागे श्वसनाचे छिद्र असते आणि त्यावर अशी पातळ जाळी असते, की तिच्यातून वाफ बाहेर जाते पण पाणी आत येत नाही.

तासाभरात गेलेले धुके मी सोडून देईन. दुसऱ्या दुपारपर्यंत टिकलेले मात्र सोडणार नाही. दोन नगांत ते झाले आणि तिघांत झाले नाही, याचा अर्थ रचना बरोबर असून जुळणीत हात कमी-जास्त पडत आहे. ते दोन्ही नग घेऊन स्वतः चाकणला जा. टोपी काढून श्वसनाच्या छिद्रावर जाळी पूर्ण चिकटली आहे का, की काच चिकटवतानाचा गोंद तिच्यावर ओघळला आहे, हे मालकासमोर पाहा. त्यानंतर जुळणीच्या टेबलापाशी थोडा वेळ उभे राहून प्रत्येक नगाची हवेच्या दाबाने गळती तपासतात की दिवसातून चार-पाच नग काढून, ते विचारा. प्रत्येक नग तपासत असतील आणि दोन नगांचे कारण तिथल्या तिथे सापडले, तर पहिल्या शंभर जोड्यांची ऑर्डर देण्यास माझी हरकत राहणार नाही. मात्र त्या जोड्या एप्रिलमध्ये विकत बसू नका, जूनच्या पहिल्या आठवड्यात दहा ओळखीच्या टेम्पोंना बसवून द्या.

कळंबोली_मेस्त्री

त्या दहांतला एक तरी टेम्पो रोज घोडबंदर रोडने जाणारा निवडा. तिथले खड्डे सीलची उरलेली परीक्षा घेतील.