पड, पडीक, पडीत: 'फॅलो'ला नेमकं काय म्हणायचं?

तळटीप:
जागतिक अन्नसुरक्षेवरच्या एका अहवालाचं मराठी भाषांतर तपासायला आलंय. मूळ इंग्रजीत 'फॅलो' (पेरतं रान काही काळ न पेरता ठेवलेलं) आणि 'वेस्टलँड' (लागवडीत नसलेली, ओसाड धरलेली जमीन) हे दोन वेगळे शब्द आहेत, भाषांतरात दोन्हींना 'पडीक जमीन' केलंय. त्यामुळे एका पानावर 'पडीक जमिनीमुळे मातीचा कस टिकतो' आणि पुढच्याच पानावर 'पडीक जमीन तातडीने लागवडीखाली आणावी'! त्यात युरोपातल्या 'सेट-असाइड'चा परिच्छेद आहे. तिथे धान्य गरजेपेक्षा जास्त पिकत होतं, म्हणून युरोपच्या सामाईक शेती धोरणातल्या 1992 च्या सुधारणेत मोठ्या धान्य उत्पादकांना अनुदानासाठी अट घातली, की सुरुवातीला 15 टक्के रान पेरायचं नाही. 2007 मध्ये धान्य कडाडलं तेव्हा ती अट शून्यावर आली, पुढे रद्दच झाली. हेही 'पडीक'च. शब्द सुचवा. 'विश्रांतभूमी' छापाचे नकोत.

सातबारा:
नवा शब्द कशाला? सरकारी आकडेवारीत हा फरक कधीचाच आहे. जमीन वापराचे नऊ वर्ग असतात. या वर्षी पेरली नाही ती 'चालू पड'. वर्षाहून जास्त पण पाच वर्षांपर्यंत पेरली नाही ती 'इतर पड'. पाच वर्षं किंवा त्याहून जास्त काळ हात लागला नाही, पण करायची म्हटली तर होईल, ती 'मशागतयोग्य पडीक'. म्हणजे फॅलोला 'पड', वेस्टला 'पडीक'. जिल्ह्याच्या सामाजिक व आर्थिक समालोचनात हेच मथळे सापडतील. पोटखराबा यात मिसळू नका, तो गटाच्या आतला लागवडीला निरुपयोगी तुकडा. त्यातही वर्ग 'अ' आणि 'ब' आहेत, पण तो वेगळा धागा होईल.

काळीकसदार:
सातबारांचं कागदावर बरोबर. पण रानात आम्ही 'पड' एकटं बोलत नाही, क्रियापद लावतो. 'पड ठेवली' आणि 'पड पडली' यात जमीन-अस्मानाचा फरक. ठेवली म्हणजे मालकाने ठरवून ठेवली. पडली म्हणजे बैल विकले, विहीर आटली, भावाभावांत कोर्ट लागलं. तुमचं युरोपवालं सरळ 'पड ठेवलेलं रान' आहे.

आमच्या मंगळवेढ्याकडे मालदांडी ज्वारीचं रान खरिपात पड ठेवतात. पाऊस इकडे खरा लागतो तो सप्टेंबरात. तोवर कुळवाच्या पाळ्या घालून तण मारायचं, ओल भारी काळ्या मातीत जिरवायची आणि उत्तरा-हस्ताच्या सुमाराला पेरायचं. पुढे थंडीत ज्वारी त्याच ओलीवर येते. आता गंमत बघा, हे रान चार महिने पड असतं, पण आकडेवारीत 'चालू पड' म्हणून कुठेच येत नाही, कारण रब्बीत पेरलं की ते 'निव्वळ पेरणी क्षेत्रा'त मोजलं जातं. अहवालवाल्यांना हे रान दिसतच नाही. दिसलं तर म्हणतील, एक हंगाम वाया चाललाय, सोयाबीन घ्या. घेतातही लोक. पाऊस साधला तर दोन पिकं पदरात, नाहीतर ज्वारीची ओल सोयाबीन पिऊन जातं.

वावर:
आमच्याकडे विदर्भात 'पडीत' म्हणतात. 'वावर पडीत हाये' म्हटलं की समोरचा पहिलं विचारतो, 'काहून?' पडीत ठेवणं हे काही मोठेपणाचं समजत नाहीत.

पण खरी भानगड 'झुडपी जंगल' या शब्दाची. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत जुन्या महसुली नोंदीत हा शब्द चढला. झुडपं असलेली, गुरं चारायची हलकी जमीन, एवढाच त्याचा अर्थ. शब्दात 'जंगल' असल्यामुळे ती वन धरायची की नाही, यावर पिढ्यान्‌पिढ्या घोळ. शेवटी मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वनजमीनच ठरवली. त्यामुळे तळटीप, शब्द जपून निवडा. भाषांतरातला शब्द उद्या एखाद्या योजनेच्या पत्रकात जाऊन बसतो.

वरकस:
कोकणातून चौथी तऱ्हा. डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत पहिल्या वर्षी नाचणी, मग वरी, मग कारळे किंवा तीळ, आणि त्यानंतर काही वर्षं ती सोडून द्यायची, अशी जुनी रीत. तिथे गवत वाढतं, भाताच्या राबासाठी, म्हणजे रोपं टाकण्याआधी जमीन भाजायला, टहाळ मिळतो. ही 'पड' पिकांच्या फेऱ्यातलाच एक टप्पा आहे, पेरणीइतकाच. पाच वर्षांच्या मोजपट्टीत मात्र ती सातबारांच्या 'मशागतयोग्य पडीक'मध्ये सहज जाऊन पडते. आज कोकणात उतारावर जे रान दिसतं त्यातलं बरंचसं खरंच 'पडलेलं' आहे, माणसं मुंबईला गेली म्हणून. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात, ही अडचण आहेच.

सातबारा:
वरकस यांचा मुद्दा मान्य. इंग्रजांच्या हिशेबात सारा न देणारी जमीन ती 'वेस्ट', मग तिच्यावर गावाची गुरं जगत असोत की नसोत. माळरानंही त्याच रकान्यात गेली. सोलापूरजवळचा नान्नजचा माळ बघा. माळढोक पक्ष्यासाठी 1979 मध्ये अभयारण्य झालं म्हणून त्याचं नाव झालं. शेजारचे तसलेच माळ अजून 'पडीक'च म्हणवतात, आणि कुठलाही प्रकल्प आला की जागा शोधणाऱ्याचं बोट आधी तिथे पडतं.

काळीकसदार:
आणि धनगर त्याला पडीक म्हणत नाही, माळच म्हणतो. शेतकरीसुद्धा पड रानात पैसे किंवा धान्य देऊन मेंढरं बसवून घेतो, खतासाठी. जाता जाता: फेरपालटाचा परिच्छेद असेल तर 'बेवड' हा शब्द घाला. आधीच्या पिकाने रान कसं करून ठेवलं, ते एका शब्दात येतं. 'तागाचा बेवड उसाला चांगला.'

तळटीप:
बेवड घेतला, दोन ठिकाणी चपखल बसला. बाकी असं करतोय: फॅलोला 'पड', मुद्दाम असेल तिथे 'पड ठेवलेली', सेट-असाइडला 'सक्तीची पड'. सोडून दिलेल्या शेतांना 'पड पडलेली'. वेस्टलँडला 'पडीक' फक्त सरकारी वर्गाचं नाव म्हणून, तेही अवतरणात. गवताळ प्रदेशांना सरळ 'माळरान' आणि 'कुरण'. युक्रेन युद्धानंतर 2022 मध्ये युरोपने पड रानं पेरायला पुन्हा मोकळीक दिली, त्या वाक्यात 'पडीक जमीन लागवडीखाली आणली' होतं. तिथे आता 'पड मोडली' लिहू का? चालतं का तसं?

वावर:
आमच्याकडे 'पडीत काढली' म्हणतात.

काळीकसदार:
'मोडली' चालेल. आमच्याकडे पड मोडतात, माळ फोडतात. युरोपातलं ते आधीचं पेरतं रानच होतं, म्हणून 'फोडली' नको.