एमजीबीचा रेडिएटर: तांब्याचा कोअर भरायचा की ॲल्युमिनियमचा नवा बसवायचा?

तापीकाठ, जळगाव:
काकांची १९६५ ची एमजीबी, ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी, माझ्याकडे आली. गेल्या मे महिन्यात चाळीसगावहून कन्नड घाट चढताना अर्ध्यातच तापमानाचा काटा शेवटाला टेकला. रेडिएटर उतरवला तर मधल्या कितीतरी नळ्या क्षाराने बुजलेल्या. माझं मत पक्कं आहे: पितळी टाक्या त्याच ठेवायच्या, मधला कोअर, म्हणजे नळ्यांची जाळी, तांब्याचा नवा भरायचा. उद्या साक्रीजवळ गळती लागली तरी डाग देणारा कारागीर तिथेच मिळेल. ॲल्युमिनियमला वेल्डिंग करणारा कुठे शोधू?

गिरणाकाठ, चाळीसगाव:
दादा, पटत नाही. ही गाडी इंग्लंडच्या हवेसाठी बांधलेली, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात. तांबं उष्णता जास्त वाहून नेतं हे खरंच. पण जुन्या कोअरमध्ये नळी आणि फिन (उष्णता हवेत सोडणाऱ्या पातळ पट्ट्या) कथलाच्या डागाने जोडलेल्या असतात, तिथे उष्णता अडते. ॲल्युमिनियमची नळी रुंद करता येते, फिनला जास्त चिकटते, वजनही कमी. इंजिन तापून हेड गॅस्केट (ब्लॉक आणि हेडमधली सील) जळल्यावर पितळी टाकीचं काय कौतुक? सोबत इलेक्ट्रिक पंखाही लावा.

लळिंग, धुळे:
भाऊ, पयले पाणी देखा! माझी हयात ॲम्बेसेडरच्या इंजिनात गेली. तिचं १४८९ सीसी आणि एमजीबीचं १७९८ सीसी, दोन्ही बीएमसी या ब्रिटिश कंपनीच्या बी-सिरीज इंजिन घराण्यातली, म्हणून सांगतो. बिडाच्या ब्लॉकमधला गंज मागच्या सिलिंडरपाशी साचतो. ड्रेनचा कॉक उघडला तरी पाणी येत नाही, तारेने टोचावं लागतं. तो गाळ तसाच ठेवून नवा रेडिएटर बसवला, तर कोणत्याही धातूचा असो, एका उन्हाळ्यात बुजेल. बोअरचं पाणी तर घालूच नका. डिस्टिल्ड पाण्यात कूलंट मिसळा. ॲल्युमिनियम बसवलं तर हे जास्तच पाळावं लागतं, नाहीतर ते आतून पोखरतं.

आणि पंख्याचं म्हणाल तर ६५ च्या गाडीत पॉझिटिव्ह अर्थ असतो, म्हणजे बॅटरीचं धन टोक गाडीच्या बॉडीला जोडलेलं. तारा नेहमीसारख्या जोडल्या तर पंखा उलटा फिरेल. बॅटरी चार्ज करणारा डायनामो फक्त २२ ॲम्पिअरचा. रात्री हेडलाइट आणि पंखा एकदम लावले की बॅटरी उतरणार. पट्ट्यावरचा मूळ पंखाच राहू द्या.

गिरणाकाठ, चाळीसगाव:
पंख्याचा मुद्दा मान्य, डायनामोचा विचार मी केला नव्हता. रेडिएटरचा नाही. ब्लॉक धुवायचा तो दोन्हीकडे धुवायचाच.

तापीकाठ, जळगाव:
धुळ्याचे काका, कॉक खरंच कोरडा निघाला. तारेने टोचल्यावर लाल चिखल आला, मग दोन तास उलटं पाणी सोडलं. टाक्या कारागिराकडे दिल्यात, तांब्याचाच कोअर भरतोय. एक मेकॅनिक थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारी झडप) काढून टाका म्हणाला, ते मात्र ऐकलं नाही. हिवाळ्यात इंजिन गार राहून पेट्रोल खाईल.

गिरणाकाठ, चाळीसगाव:
ठीक. मे महिन्यात भर दुपारी कन्नड घाट चढा आणि काटा कुठवर गेला ते इथे लिहा. तोवर माझं मत ॲल्युमिनियमलाच.