मदत हवी आहे: वेदनेचे फोटो दाखवूनही जीएसआरचा आकडा हलत नाही

घाईगडबड:
लॅमिंग्टन रोडवरून जीएसआर सेन्सर (घामामुळे बोटांच्या त्वचेतून वीज किती सहज वाहते ते मोजणारा) आणून अर्डुइनोला, म्हणजे छोट्या कॉम्प्युटर बोर्डाला लावलाय. दारात बोट चेमटलेलं, सुरी लागलेली असे फोटो दाखवतोय. दुसऱ्याचं दुखणं बघून मेंदू दचकतो, हे दाखवायचंय. पण आकडा वाढतच नाही, साध्या फोटोलाही तोच. प्रोजेक्टच्या शीर्षकात 'सहवेदना' आहे, शुक्रवारी सबमिशन आहे. चालणारा कोड आहे का कुणाकडे?

माहीमचा_हलवा:
कोडचं नंतर बघू. आकडा किती? फोटो किती वेळ, मध्ये किती थांबता? जेल कसलं? लॅपटॉप चार्जरवर आहे का?

घाईगडबड:
३४० च्या आसपास. फोटो दोन सेकंद, लगेच पुढचा, एकूण ४०. ईसीजीचं जेल. चार्जर लावलेलाच असतो, त्याचा काय संबंध?

परळ_टीटी:
मिरर न्यूरॉन्समुळे (दुसऱ्याची कृती नुसती पाहूनही जाग्या होणाऱ्या मेंदूतल्या पेशी) समोरच्याचं दुखणं आपल्यालाच होतं. घामाने ते कळणार नाही, ईईजी (डोक्यावरून मेंदूच्या लहरी मोजणं) घ्या.

अर्धवट_इन्सुला:
मिरर न्यूरॉन्स इटलीतल्या पार्मात माकडांमध्ये सापडले, तेही हाताच्या हालचालींसाठी. त्यांना दर वेळी वेदनेला जुंपू नका. २००४ मध्ये मेंदू-संशोधक टानिया सिंगर यांनी १६ बायकांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये ठेवून झटका कधी त्यांच्या, कधी जोडीदाराच्या हाताला दिला. इन्सुलाचा पुढचा भाग आणि अँटीरियर सिंग्युलेट हे मेंदूतले त्रास जाणवण्याशी जोडलेले भाग दोन्ही वेळा उजळले. झटका कुठे, किती जोरात हे नोंदवणारा सोमॅटोसेन्सरी भाग मात्र फक्त स्वतःच्या झटक्याला. त्रास पोचतो, ठणका पोचत नाही.

परळ_टीटी:
२००५ चा अवेनान्तींचा प्रयोग बघा. हातात सुई खोल जाताना पाहिली की बघणाऱ्याच्या त्याच स्नायूचा टीएमएसला (डोक्याबाहेरून चुंबकीय झटका देऊन मेंदू चेतवणं) मिळणारा प्रतिसाद घटतो.

अर्धवट_इन्सुला:
तो बरोबरच आहे. पण शुक्रवारपर्यंत टीएमएस मशीन कुठून आणायचं, चोरबाजारातून?

माहीमचा_हलवा:
मूळ प्रश्नाकडे या. तुमचं सेन्सर मॉड्यूल बोटं न लावता आधी ५१२ वर आणायचं असेल, तर घाम वाढला की आकडा *उतरतो*. तुम्ही चढायची वाट बघताय. ३४० म्हणजे साधारण १० मायक्रोसीमेन्स (त्वचेतून वीज किती सहज वाहते त्याचं एकक). ०.३ चा चांगला प्रतिसाद आला तरी आकडा चारानेच खाली जाईल, नुसत्या डोळ्यांना कसा दिसणार? मायक्रोसीमेन्समध्ये बदलून आलेख काढा.

त्यात घामाचा प्रतिसाद फोटोनंतर १ ते ३ सेकंदांनी सुरू होतो, तोवर तुमचा पुढचा फोटो आलेला. फोटो ४ सेकंद, मग ८ ते १० सेकंद कोरा करडा पडदा. ईसीजीच्या जेलमध्ये मीठ जास्त, आकडा हळूहळू सरकत राहतो. ते पुसा, सेन्सर कोरड्या बोटांवर लावा. चार्जर काढा: ५० हर्ट्झचा गोंगाट जातो, माणूसही सुरक्षित. लोकलमधून उतरून जिना चढून आलेल्याला आधी दहा मिनिटं बसवा.

कुर्ला_स्लो:
रक्त बघून चक्कर येत असेल तर हात, पाय, पोट १०-१५ सेकंद आवळून धरा, चेहरा गरम वाटेपर्यंत. मग २०-३० सेकंद सैल. असं पाच वेळा.

घाईगडबड:
मला चक्कर येत नाहीये हो!

कुर्ला_स्लो:
तुम्हाला नाही, खुर्चीत बसणाऱ्याला येईल. आधी विचारून ठेवा.

अर्धवट_इन्सुला:
आणि शीर्षकातून 'सहवेदना' काढा. झुरळ दिसलं तरी बोटं तशीच घामेजतात. तुलनेचा फोटो तोच हात, तीच सुरी, फक्त बोट इंचभर लांब असा हवा. तुमचे साधे फोटो कसले आहेत?

घाईगडबड:
फुलं, समुद्र वगैरे.

अर्धवट_इन्सुला:
😐

परळ_टीटी:
अवांतर: तापाची गोळी घेतलीय का तेही विचारा. २०१६ च्या अमेरिकेतल्या अभ्यासात १००० मिलीग्रॅम पॅरासिटामॉल घेतलेल्यांना दुसऱ्याची वेदना कमी जाणवली.

घाईगडबड:
टाळी वाजवली, ३४० वरून ३३१! म्हणजे सेन्सर जिवंत आहे. पण फोटोंना पहिल्या सहा-सातलाच फरक पडतो, मग सपाट.

माहीमचा_हलवा:
सवय होते. १२ वेदनेचे, १२ तुलनेचे, क्रम पिसून घ्या. एसीची हवा थेट हातावर येतेय का?