विषय: बेकर स्ट्रीटला बघण्यासारखं काय?

केतकी, दादर

नमस्कार मंडळी,
पुढच्या महिन्यात सासूबाई आणि लेकाला घेऊन लंडनला येतेय. लेकाला शेरलॉक होम्सचा पुतळा बघायचाय, म्हणजे बेकर स्ट्रीटला उतरणं आलंच. स्टेशनात आणखी काही आहे, की फोटो काढून निघावं?

नंदूकाका, गिरगाव (लंडन सुटलं, लिस्ट सुटत नाही)

केतकी, पुतळा बाहेर मेरिलबोन रोडवर आहे, १९९९ सालचा. पाच मिनिटांत आटपेल. खरी मजा फलाट ५ आणि ६ वर. १० जानेवारी १८६३ ला जगातली पहिली भुयारी रेल्वे पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन धावली, त्या मार्गावरचे हे मूळ फलाट. आपली बोरीबंदर-ठाणे गाडी १८५३ ची, तेव्हा ही तिच्याहून धाकटीच!

बोगदा पोखरलेला नाही. रस्ता उकरून चर खणला, वर विटांची कमान घातली आणि परत रस्ता केला. पण गाड्या वाफेच्या. इंजिनातली वाफ टाकीतल्या पाण्यात सोडून थंड करायचे, तरी धूर राहायचाच. फलाटावर उभी राहून दोन्ही बाजूंच्या भिंती बघ. कमानीच्या बुडाशी ओळीने खोल, तिरके कोनाडे दिसतील. ते शोभेचे नाहीत. उजेड आणि हवा खाली यावी म्हणून वर रस्त्याच्या कडेला उघडणारे झरोके होते ते. आता आत विजेचे दिवे आहेत, पण तिरपा उजेड पडतो तो तसाच. १९०५ मध्ये विजेच्या गाड्या येईपर्यंत प्रवाशांनी तिथे काय श्वास घेतला असेल, देव जाणे.

आमच्या गिरगावात २०२५ मध्ये भुयारी मेट्रोची ॲक्वा लाइन आली. काचेची दारं, एसी. आपण जमिनीखाली आहोत हे कळतसुद्धा नाही. सोय उत्तम, पण भिंतीकडे बघत उभं राहावं असं मला तरी काही सापडलं नाही.

होम्सच्या टोपी-पाइपवाल्या टाइल्स खाली बेकरलू या भुयारी मार्गाच्या फलाटांवर आहेत, लेकाला तिथेही ने. सासूबाईंच्या गुडघ्यांचं मात्र बघ, पायऱ्या बऱ्याच आहेत.

केतकी

काका, धन्यवाद! गुडघ्यांचं वाचून सासूबाई फणकारल्या, "दादरचा पूल रोज चढते मी." मेणाच्या पुतळ्यांचं म्युझियम जवळच ना, असंही विचारताहेत.

नंदूकाका

अगदी शेजारी. तिकीट इथूनच काढून ठेव, तिथे रांग फार असते.